एमआरआयमागचं तंत्र शोधणारा माणूस, जो शेवटी स्वतःच त्या मशीनमध्ये झोपला

डॉक्टर एमआरआय काढायला सांगतात. गळ्यातली साखळी, अंगठी, घड्याळ सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं. मग त्या बोगद्यात आडवं व्हायचं, कानावर हेडफोन लावायचे आणि ठकठक, घरघर ऐकत निपचित पडून राहायचं.

आता या वेळात आत नेमकं काय चालू असतं?

तर आपल्या शरीरात जे पाणी आहे त्यात हायड्रोजनचे अणू असतात. या अणूंच्या केंद्रकांना मशीन रेडिओ लहरींनी हलवतं. हललेली केंद्रकं उलट सिग्नल पाठवतात आणि त्या सिग्नलवरून कॉम्प्युटर आतलं चित्र तयार करतो.

अणूच्या केंद्रकाला रेडिओ लहरींनी हलवता येतं आणि ते कुठल्या फ्रिक्वेन्सीला हलतं यावरून त्याचं गुपित कळतं, हे न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने दाखवून दिलं. साल होतं १९३७-३८. त्यांचं नाव इसिडोर आयझॅक राबी.

गंमत म्हणजे दवाखाना, पेशंट, आजार यातलं काहीच त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांना फक्त एक गोष्ट मोजायची होती, आणि ती बिनचूक मोजायची होती.

किराणा दुकानदाराचा मुलगा

राबींचा जन्म २९ जुलै १८९८ चा. गावाचं नाव रिमानोव्ह. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता, आज तो पोलंडमध्ये आहे. घर कर्मठ ज्यू लोकांचं आणि परिस्थिती बेताची. पोर अगदी तान्हं असतानाच घरच्यांनी अमेरिका गाठली.

न्यूयॉर्कमध्ये वडिलांनी मिळेल ते काम केलं, कपडे शिवायच्या कारखान्यात राबले आणि पुढे ब्रुकलिनमध्ये छोटंसं किराणा दुकान टाकलं. मुलाचं घरचं नाव इस्रायल. शाळेत घालताना आईने लाडाचं नाव सांगितलं इझी, आणि लिहून घेणाऱ्याने समजून घेतलं इसिडोर. तेच नाव जन्मभर चिकटलं.

राबी पुढे आपल्या आईची एक आठवण सांगायचे. शाळेतून घरी आलेल्या मुलांना बाकीच्या आया आज काय शिकलास असं विचारायच्या. त्यांची आई मात्र विचारायची, आज तू एखादा चांगला प्रश्न विचारलास का.

या पोराला वाचनालयाचा नाद लागला. खगोलशास्त्राच्या एका पुस्तकात कोपर्निकसचा सिद्धांत वाचला आणि चंद्र-सूर्याचा सगळा कारभार देवाचं नाव न घेताही समजावता येतो हे त्याच्या लक्षात आलं. कर्मठ घरात हे बोलून दाखवणं म्हणजे मोठाच प्रकार होता. पुढे बार मिट्झ्वाची वेळ आली. ज्यू मुलांचा तेराव्या वर्षी होणारा हा धार्मिक विधी, आपल्याकडच्या मुंजीसारखा. त्यात मुलाने धर्मावर भाषण करायचं असतं. या पठ्ठ्याने विजेचा दिवा कसा पेटतो यावर भाषण ठोकलं, तेही यिद्दिश भाषेत.

पण पुढचा प्रवास काही सरळ झाला नाही.

कॉर्नेल विद्यापीठात ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेले, मग रसायनशास्त्राकडे वळले आणि १९१९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. त्या काळी ज्यू मुलांना कंपन्यांची आणि विद्यापीठांची दारं सहसा उघडत नसत. काही काळ एका प्रयोगशाळेत काम, काही काळ हिशेबनीसगिरी, अशी तीन वर्षं गेली. १९२२ मध्ये ते पुन्हा शिकायला लागले आणि वर्षभरात कोलंबिया विद्यापीठात आले. एव्हाना आपल्याला रसायनशास्त्रात जे आवडतं त्याला फिजिक्स म्हणतात, हे त्यांना उमगलं होतं. न्यूयॉर्कला येण्यामागे आणखी एक कारण होतं. हेलन न्यूमार्क तिथे शिकत होत्या. १९२६ मध्ये राबींनी आपला प्रबंध पाठवून दिला आणि दुसऱ्याच दिवशी हेलनशी लग्न केलं.

अवघड मोजमाप टाळायची युक्ती

या प्रबंधातच राबींचा स्वभाव दिसतो.

विषय होता स्फटिकांचं चुंबकत्व मोजण्याचा. नेहमीच्या पद्धतीत स्फटिक घासूनपुसून ठराविक आकाराचे करायचे, मग चुंबकीय क्षेत्रात त्यांच्यावर किती जोर येतो ते मोजायचं. वेळखाऊ आणि किचकट काम. राबींनी स्फटिक एका द्रावणात लटकवला आणि द्रावणाचं चुंबकत्व हळूहळू बदलत नेलं. एका क्षणी असं झालं की चुंबक सुरू केला तरी स्फटिक जागचा हलेना. याचा अर्थ स्फटिकाचं आणि द्रावणाचं चुंबकत्व सारखं झालं. मग सोप्या द्रावणाचं माप घेतलं की काम फत्ते.

जे मोजायला अवघड आहे ते मोजतच बसायचं नाही, त्याची अशा गोष्टीशी गाठ घालायची जी सहज मोजता येते. हीच युक्ती त्यांना पुढे नोबेलपर्यंत घेऊन गेली.

१९२७ मध्ये राबी युरोपला गेले. क्वांटम मेकॅनिक्स नुकतंच जन्माला आलं होतं आणि सगळी मोठी माणसं तिथेच होती. दोन वर्षांत त्यांनी पाउली आणि हायझेनबर्ग यांच्याकडे काम केलं. पण आयुष्याला वळण मिळालं ते हॅम्बुर्गमध्ये, ऑटो स्टर्न यांच्या प्रयोगशाळेत.

स्टर्न आणि त्यांचे सहकारी गेर्लाख यांनी १९२२ मध्ये एक जबरदस्त प्रयोग केला होता. भट्टीत चांदी तापवायची, तिच्या वाफेचा केसासारखा बारीक झोत हवा काढून टाकलेल्या नळीतून सोडायचा आणि वाटेत एक खास चुंबक ठेवायचा. झोत पसरट व्हायला हवा होता, पण तो फुटून चक्क दोन वेगळ्या झोतांत विभागला. अणू हा एक छोटासा चुंबक आहे आणि तो ठराविक दिशांनाच उभा राहू शकतो, याचा हा पुरावा होता.

राबींनी या प्रयोगाची एक सोपी आवृत्ती सुचवली. स्टर्न यांनी त्यांना ती तिथेच करून दाखवायला सांगितलं आणि थिअरी करायला आलेला माणूस अणूंच्या झोतांच्या प्रेमात पडला.

अडीच की सव्वातीन?

१९२९ मध्ये हायझेनबर्ग यांच्या शिफारशीवरून कोलंबिया विद्यापीठाने राबींना नोकरी दिली. फिजिक्स विभागात घेतलेले ते पहिले ज्यू प्राध्यापक. शिकवण्यात मात्र ते यथातथाच होते, त्यांची लेक्चर्स डोक्यावरून जातात अशी ख्याती होती. पण प्रयोगशाळेत त्यांच्याभोवती हुशार पोरांचा मेळा जमला. पैशांची चणचण होती तेव्हा हेरॉल्ड युरी या रसायनशास्त्रज्ञाने आपल्याला मिळालेल्या अनुदानातला अर्धा वाटा राबींच्या कामाला देऊन टाकला.

आता प्रश्न होता केंद्रकाचा.

अणूच्या मध्यभागी बसलेलं केंद्रकही चुंबकासारखं वागतं. पण त्याचं चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या तुलनेत साधारण हजार-दोन हजार पटींनी कमी. ते मोजायचं कसं? चुंबकाच्या शेजारून जाताना झोत किती वाकतो ते बघायचं, ही तेव्हाची पद्धत. त्यात अडचण अशी की झोतातला प्रत्येक अणू वेगळ्या वेगाने धावतो, त्यामुळे प्रत्येक जण वेगळा वाकतो.

प्रोटॉनचंच उदाहरण घ्या. हिशेबाने त्याचं चुंबकत्व एका ठराविक एककात १ यायला हवं होतं. स्टर्न यांनी मोजलं तर ते सुमारे अडीच आलं. राबींच्या गटाने १९३४ मध्ये मोजलं तर सव्वातीन. दोन्हीकडे शेकडा दहाची चूक धरलेली. प्रोटॉन हा काही साधा एकसंध कण नाही, एवढं यातून कळत होतं. पण खरा आकडा कुठला?

तोपर्यंत जर्मनीत नाझी सत्तेवर आले होते आणि ज्यू असलेल्या स्टर्न यांना हॅम्बुर्ग सोडून अमेरिकेत यावं लागलं होतं. एका बहरलेल्या प्रयोगशाळेचा शेवट झाला आणि अणूंच्या झोतांचं केंद्र न्यूयॉर्ककडे सरकलं.

रेडिओच्या बटणाने सुटलेलं कोडं

सप्टेंबर १९३७ मध्ये कॉर्नेलिस गॉर्टर नावाचे डच शास्त्रज्ञ कोलंबियाला भेट द्यायला आले. त्यांनी रेडिओ लहरींनी केंद्रकं हलवायचा प्रयत्न घन पदार्थांवर करून पाहिला होता आणि त्यात अपयश आलं होतं. फिरत्या चुंबकीय क्षेत्रात केंद्रक कसं उलटं होईल याचं गणित राबींनी त्याच वर्षी मांडलं होतं. दोघांचं बोलणं झालं आणि राबींच्या गटाने लगेच यंत्र बदलायला घेतलं.

हे यंत्र समजून घेण्यासारखं आहे.

एका टोकाला भट्टी. तिच्यातून लिथियम क्लोराइडच्या रेणूंचा झोत निघतो. वाटेत पहिला चुंबक त्याला एका बाजूला वाकवतो. पुढचा चुंबक तेवढाच उलट्या बाजूला वाकवतो. त्यामुळे रेणू जोरात धावो की हळू, तो बरोबर शेवटच्या टोकावरच्या डिटेक्टरवर येऊन पडतो. वेगाची सगळी कटकट एका फटक्यात संपली.

खरा खेळ या दोघांच्या मधे. तिथे तिसरा चुंबक आणि रेडिओ लहरी सोडणारी तारेची वेटोळी.

भोवरा आठवा. फिरता फिरता तो डोकं गोल गोल डोलावतो. चुंबकीय क्षेत्रात केंद्रकही असंच डोलतं, आणि त्याच्या डोलण्याला ठराविक फ्रिक्वेन्सी असते. झोपाळ्याला बरोबर त्याच्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, लय चुकली तर काही होत नाही. तसंच रेडिओ लहरींची फ्रिक्वेन्सी केंद्रकाच्या लयीशी जुळली की केंद्रक उलटं होतं. एकदा ते उलटं झालं की पुढचा चुंबक त्या रेणूला भलतीकडेच वाकवतो आणि तो डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही.

थोडक्यात, फ्रिक्वेन्सी कायम ठेवायची, मधल्या चुंबकाचं क्षेत्र हळूहळू बदलायचं आणि डिटेक्टरच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा धाडकन खाली आला की लय जुळली.

पहिल्याच प्रयोगांत लिथियमसाठी सेकंदाला सुमारे ३५ लाख कंपनं असलेल्या लहरी वापरल्या तेव्हा आलेखात स्पष्ट खड्डा दिसला. १९३८ च्या सुरुवातीला हा निकाल छापून आला. राबींसोबत झकारायस, मिलमन आणि कुश ही नावं होती आणि गॉर्टर यांचे आभारही.

झोत किती वाकला हे मोजायची गरजच उरली नव्हती. आता फक्त फ्रिक्वेन्सी वाचायची होती, आणि माणसाला सगळ्यात बिनचूक मोजता येणारी गोष्ट कुठली असेल तर ती फ्रिक्वेन्सी. प्रबंधातल्या स्फटिकाचीच युक्ती ही.

प्रोटॉनचा वाद मिटला. आकडा आला २.७८५ आणि चूक शेकडा एकाच्या आत. आजचा स्वीकारलेला आकडा आहे २.७९३. लगोलग १९३९ मध्ये जड हायड्रोजनचं केंद्रक पूर्ण गोल नसून जरासं लांबट आहे हेही याच पद्धतीने कळलं. केंद्रकाला बांधून ठेवणारं बल दिशेवरही अवलंबून असतं, असा त्याचा अर्थ होता. तोपर्यंतच्या साध्या हिशेबांना हा मोठा धक्का होता.

या कामासाठी राबींना १९४४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

युद्ध, रडार आणि एक डॉलरची पैज

नोबेल जाहीर झालं तेव्हा राबी प्रयोगशाळेपासून लांब होते. १९४० पासून ते एमआयटीमध्ये रडारवर काम करत होते. ओपनहायमर यांनी त्यांना अणुबॉम्बच्या प्रकल्पात आपला उपप्रमुख म्हणून बोलावलं, पण राबींनी नकार दिला. फिजिक्सच्या तीनशे वर्षांच्या मेहनतीचं फळ म्हणून एक सामूहिक संहाराचं हत्यार निघावं, हे त्यांना रुचत नव्हतं. शिवाय युद्ध जिंकायला रडार जास्त गरजेचं आहे असं त्यांचं मत होतं. मित्राला सल्ला द्यायला मात्र ते लॉस अलामोसला जात राहिले.

१६ जुलै १९४५ ला पहिल्या अणुस्फोटाची चाचणी झाली. स्फोट केवढा होईल यावर शास्त्रज्ञांनी एकेक डॉलरची पैज लावली होती. उशिरा पोचलेल्या राबींच्या वाट्याला उरलेला आकडा आला, १८ किलोटन. त्या वेळच्या मोजणीत तोच सगळ्यात जवळचा ठरला आणि पैज ते जिंकले.

पण पुढे १९४९ मध्ये हायड्रोजन बॉम्ब बनवायचा का, असा प्रश्न सरकारी सल्लागार समितीपुढे आला, तेव्हा राबी आणि एन्रिको फर्मी यांनी वेगळं टिपण लिहून त्याला नैतिक कारणावरून विरोध केला. सरकारने त्यांचं ऐकलं नाही. १९५४ मध्ये ओपनहायमर यांच्या देशनिष्ठेवर शंका घेऊन चौकशी झाली, तेव्हाही बरेच जण कचरत असताना राबी त्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

१९५५ मध्ये अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद झाली. ती घडवून आणण्यात राबींचा मोठा वाटा होता. तिच्या अध्यक्षपदी होते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा. युरोपातल्या देशांनी मिळून प्रयोगशाळा उभारावी हा ठरावही १९५० मध्ये युनेस्कोत राबींनीच मांडला होता. त्यातून पुढे सर्न उभी राहिली.

हजारात दोन-अडीचचा फरक

युद्ध संपल्यावर राबी कोलंबियात परतले. १९४७ मध्ये त्यांनी नेफ आणि नेल्सन या विद्यार्थ्यांसोबत साध्या हायड्रोजन अणूचं एक माप नव्याने घेतलं. हिशेब आणि प्रयोग यात फरक आला. केवढा? हजारात दोन-अडीच.

इतका फरक कुणीही चूक म्हणून सोडून दिला असता. पण फ्रिक्वेन्सी मोजताना एवढी चूक होऊच शकत नाही, हे राबींना पक्कं माहीत होतं. त्यांचे सहकारी पॉलिकार्प कुश यांनी पुढे तपासलं तर इलेक्ट्रॉनचंच चुंबकत्व अपेक्षेपेक्षा हजारात एकाहून किंचित जास्त निघालं.

त्याच वर्षी, त्याच विद्यापीठात विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफोर्ड यांनी हायड्रोजनच्या अणूंचा झोत सोडून त्यावर मायक्रोवेव्हचा मारा केला. थिअरीनुसार तंतोतंत सारख्या असलेल्या दोन ऊर्जापातळ्यांत त्यांना फरक सापडला. आज तो लॅम्ब शिफ्ट म्हणून ओळखला जातो.

जून १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवर देशातले बिनीचे शास्त्रज्ञ जमले आणि हे निकाल त्यांच्यापुढे आले. रिकामी जागा खरंतर रिकामी नसते, तिथे क्षणोक्षणी चाललेली खळबळ इलेक्ट्रॉनला हलकासा धक्का देत असते, असं उत्तर पुढे निघालं. क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स हा सिद्धांत उभा राहिला तो या बारीक फरकांतून. इलेक्ट्रॉनच्या फरकाचं गणित सोडवलं ज्युलियन श्विंगर यांनी. हा तोच पोरगा, ज्याला दुसऱ्या कॉलेजात यथातथा मार्क पडत असताना राबींनी त्याची हुशारी ओळखून कोलंबियात आणलं होतं.

लॅम्ब आणि कुश यांना १९५५ मध्ये नोबेल मिळालं, श्विंगर यांना १९६५ मध्ये.

आजही तीच युक्ती

तुमच्या मोबाईलमधला नकाशाही राबींच्या युक्तीवर चालतो. अणूची लय कधी बदलत नाही, तर तिच्यावर घड्याळच का चालवू नये, असं त्यांनी १९४५ मध्ये एका व्याख्यानात सुचवलं होतं. त्यांचे विद्यार्थी नॉर्मन रॅमसे यांनी १९४९ मध्ये रेडिओ लहरींचा एक सलग मारा करण्याऐवजी थोड्या अंतरावर दोन छोटे मारे करायची पद्धत काढली आणि अचूकता आणखी वाढली. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० कंपनांवरून होते. जीपीएसचे उपग्रह अशीच अणुघड्याळं घेऊन फिरतात.

२०१० मध्ये प्रोटॉनने पुन्हा घोळ घातला. त्याची त्रिज्या एका नव्या पद्धतीने सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आली, तर जुनी मापं ०.८८ च्या आसपास होती. मिलिमीटरचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोमीटर.

२०१९ मध्ये कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठात एरिक हेसल्स यांच्या गटाने लॅम्ब शिफ्ट नव्याने मोजली. हायड्रोजनचा झोत सेकंदाला सुमारे ३,००० किलोमीटर वेगाने सोडला. एवढा वेग का? तर मोजायच्या दोन अवस्थांपैकी एक सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या जेमतेम दीडपट वेळ टिकते. झोत हळू असेल तर दुसऱ्या माऱ्यापर्यंत पोचण्याआधीच सगळं संपतं. उत्तर आलं ०.८३३, म्हणजे नव्या आकड्याच्या बाजूने.

भट्टीच्या जागी वेगवान झोत आला, पण पद्धत तीच. अणूंचा झोत सोडा, रेडिओ लहरी द्या आणि लय कुठे जुळते ते बघा.

आणि एमआरआय? १९४५-४६ च्या सुमारास एडवर्ड पर्सेल आणि फेलिक्स ब्लॉख यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी राबींची गोष्ट झोताशिवाय, साध्या घन-द्रव पदार्थांवर करून दाखवली. पुढे १९७० च्या दशकात तिच्यापासून चित्र काढायची कला साधली. आधी नावात न्यूक्लिअर हा शब्दही होता, पण पेशंट घाबरतात म्हणून तो गाळला गेला.

आयुष्याच्या अखेरीस राबींना कॅन्सर झाला. तपासणीसाठी डॉक्टरांनी त्यांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं. बोगद्याच्या चकचकीत आतल्या भिंतीवर त्यांना आपलाच वेडावाकडा चेहरा दिसला. पन्नास वर्षांपूर्वी लिथियमच्या आलेखात जो खड्डा दिसला होता, त्याच्या पुढचं टोक हे असेल असं आपल्याला कधी वाटलं नव्हतं, अशा अर्थाचं ते नंतर बोलले.

११ जानेवारी १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी नॉर्मन रॅमसे यांना नोबेल मिळालं, त्या दोन छोट्या माऱ्यांच्या पद्धतीसाठी.